दोन हातांवरची एकच बकरी

"उघडले! उघडले! देवीनं डोळे उघडले!"

हिंगणवाडीच्या बाजारशेडात एकच गिल्ला झाला. शंख वाजला, ताशा कडाडला, पत्र्यावरची कबुतरं भेदरून सुलतानपूरच्या दिशेनं उडून गेली. मंचावर प्रेम नावाचा तरणा पोरगा लाजून उभा होता आणि त्याचा हात मनगटाला धरून नयनानंद महाराजांनी उंच केला होता. त्या हातावर देवीचा मुखवटा गोंदलेला. गोंदल्यावर दोन-चार दिवसांतच या मुखवट्याचे डोळे धुरकट, मिटल्यासारखे झाले होते, हे अख्ख्या गावानं पाहिलं होतं. आणि आज? टक्क उघडे! काळंभोर बुबुळ आणि त्यात बारीकशी चमक.

"बाप्पा बाप्पा! कशी पाहून राह्यली वं माय!"

"माह्याकडंच पाहून राह्यली!"

"तुह्याकडं काहाले पाहीन बे? वर्गणीच्या वेळी तू घराले कुलूप लावून पळाला होता!"

गर्दी हसली, पुन्हा हात जोडले, पुन्हा शंख. त्या गर्दीत छाया उभी होती आणि तिला मात्र हसू आवरत नव्हतं. छायाचं फाट्यावर ब्युटी पार्लर. बाई बोलायला फटकळ, हसायला मोठ्यांदा, आणि चमत्कारांच्या बाबतीत फार खडूस. तिचं म्हणणं सरळ होतं: बायकांच्या चेहऱ्यावर रोज चमत्कार मीच करते, त्यात काय काय कालवावं लागतं ते माझ्यापेक्षा जास्त कोणाला माहीत?

तर हे नयनानंद महाराज उन्हाळा लागता लागता गावात आले. सोबत एक जीप, एक शिष्य आणि बॅटरीवर चालणारं गोंदायचं मशीन. शिष्य हातावर देवी गोंदून देई आणि महाराज केशरी मलमाची एक डबी देत. मलमाचं नाव 'नेत्रसंजीवन'. ते दर आरतीला देवीवर जाडसर थापायचं. श्रद्धा खरी असली की मिटलेली देवी डोळे उघडते. नसली, तर नाही उघडत. मग महाराज काय करणार, पाप तुमचं!

बहुतेकांच्या देव्यांनी डोळे उघडले होते. ज्यांच्या देव्यांनी उघडले नाहीत ते एप्रिलच्या उन्हात फुल बाह्यांचे शर्ट घालून हिंडत होते आणि कोणी विचारलं की, "थंडी वाजते," म्हणत होते.

"आता वधू!" महाराज गरजले.

छायाचं हसू थांबलं. वधू म्हणजे तिची नणंद, मंजुश्री. प्रेमचं लग्न मंजूशीच ठरलेलं. साखरपुडा झाला होता, मांडवाचा माणूस सांगून ठेवला होता. प्रेमची आई रुक्मिणीबाई महाराजांची पक्की भक्त, म्हणून त्यांच्या आग्रहानं दोघांनी एकाच दिवशी देवी गोंदवून घेतली होती.

मंजू वर गेली. शिष्यानं हातावरचं फडकं काढलं; घरातही मंजूनं ते कोणासमोर सोडलं नव्हतं. पुढच्या रांगेतली एक बाई "अगं बाई!" म्हणून मागंच सरली. देवी कुठं दिसतच नव्हती. हात लालबुंद सुजलेला, त्यावर बारीक बारीक फोड, आणि या सगळ्यावर केशरी मलमाचा थर.

महाराजांनी डोळे मिटले. ताशेवाल्यानं काडी खाली ठेवली.

"हे भगिनी! त्वचा म्हणजे काय? त्वचा म्हणजे आत्म्याचं लुगडं! या मलमात सत्तावीस नक्षत्रांच्या सत्तावीस मुळ्या आहेत. त्या नेत्रनाडीतून थेट ब्रह्मांडाला जाऊन भिडतात. पण नाडीतच पापाचा बोळा अडकला असेल, तर देवी बिचारी कुठून पाहील?"

"महाराज," रुक्मिणीबाई हात जोडून म्हणाल्या, "मंग लग्नाचं?"

"डोळे मिटलेली देवी घरात आणलीस, तर घराचे डोळे मिटतील. पंधरा दिवसांनी पुन्हा असंच नेत्रदर्शन आहे, तोवर संधी आहे. मलम दुप्पट! नाही उघडले, तर हे स्थळ सोडून दे."

रुक्मिणीबाईंनी मान डोलावली. त्यांनी मंजूकडे पाहिलंही नाही. प्रेम तोंड उघडून काहीतरी बोलणार होता, पण ताशा पुन्हा सुरू झाला.

घरी आल्यावर मंजू आतल्या खोलीत भिंतीला तोंड करून बसली. छाया या घरात लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी विस्कटलेल्या केसांनी शाळेत जायची. सासू आधीच गेलेली. मंजूची पहिली वेणी फणीनं नीट घातली ती छायानं, पहिला ड्रेस शिवला तो छायानं, आणि कॉलेजला पाठवायचं म्हणून नवऱ्याशी भांडलीही छायाच. नणंद कसली, लेकच होती ती तिची. त्या लेकीला भर बाजारात पापी म्हटलेलं ऐकून छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

तिनं मंजूचा हात ट्यूबलाइटखाली धरला. मग खाली वाकून त्याचा वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"हा तर बाम हाये!"

"काय वयनी?"

"बाम वं, बाम! डोकं दुखल्यावर कपाळाले लावतो तो! वरून कापूर, त्याच्यावर गुलाबाचं अत्तर, अन् रंग जिलेबीचा. सत्तावीस नक्षत्रं म्हणे! मंजू, लावल्यावर काय होते?"

"आधी गार गार लागते. मंग लय आग होते. महाराज म्हणे आग झाली म्हणजे पाप जळून राह्यलं." मंजूनं डोळे पुसले. "मी तर सांगतलं त्याच्यापेक्षा जास्त लावलं, वयनी. रोज. एक आरती चुकवली नाही."

छायाचा नवरा राजकुमार दारात उभा होता. तो मोटारी दुरुस्त करायचा, म्हणजे विहिरीवरच्या. जळालेली मोटार उघडून बिघाड कुठं आहे ते चटकन सांगायचा, पण महाराज दिसले की त्याची बुद्धी तिथंच दुकानात राहायची.

"छाया, देवाच्या कामात नाक खुपसू नको."

"खुपसलं म्हणून तर कळलं! अहो, माह्या पार्लरात कोणाच्या केसाले रंग लावायचा तर मी आधी कोपराच्या आतून थेंबभर लावून पाहतो. दिवसभर थांबतो. खाज नाही, लाली नाही, मंगच डोक्याले हात. केसाच्या रंगाले येवढा नियम, अन् टोचून टोचून सोललेल्या कातड्यावर हा बाबा डबीभर बाम थापायले लावते, तर त्याले कोणी विचारायचं नाही?"

"मंग बाकीच्यांच्या देवीचे डोळे कसे उघडले?"

"तेच तर आता शोधून काढतो," छाया म्हणाली. तिनं कोमट पाण्यानं मंजूचा हात हलक्या हातानं धुतला आणि सकाळी पहिल्या एसटीनं तिला घेऊन लोणारला गेली.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला आणि आधी दोघींना मनसोक्त झापलं. मग औषध लिहून दिलं. मलमाची रिअॅक्शन आहे, म्हणाल्या, भरून येईल, पण सावकाश. पंधरवडा तरी जाईल आणि त्यानंतरही काही दिवस खपली राहील. ती डबी पुन्हा हातात धरलीत तर इथं येऊ नका.

तिथून छाया मंजूला घेऊन बसस्टँडजवळ मोईजच्या दुकानात गेली. मोईज टॅटू काढायचा. त्याची बायको मलिहा छायाकडे भुवया करायला यायची, त्यामुळे ओळख घरची. मोईजनं मंजूचा हात पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला! हे कोणी केलं?"

"ते राहू दे. मले येवढं सांग, गोंदलेल्या देवीचे डोळे आधी मिटतात अन् मंग उघडतात, ते कसे?"

मोईज हसायला लागला. इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं.

"दीदी, टॅटू म्हणजे जखमच ना! गुडघा खरचटला की काय होते? आधी ओल सुटते, मंग वर पापुद्रा येते. इथीबी तेच. दुधावर साय येते तसा पापुद्रा. त्याच्याखाली बारीक रेघा, बारीक ठिपके दिसतच नाहीत. डोळ्यातलं बुबुळ सगळ्यात बारीक, म्हणून ते पहिले गायब. आठ-दहा दिवसांत पापुद्रा गळते, अन् खालचं चित्र लख्ख! माह्या दुकानात वाघ, मोर, पहिलवान, सगळ्यांचेच डोळे उघडतात. मी कधी शंख नाही वाजवला."

"अन् बाम लावूनही लोकांचे उघडले ते?"

"ज्याचं कातडं राकट त्यानं बाम पचवला. जिचं नाजूक, तिची ही गत झाली."

"मंग लावायचं काय?"

"जितकं साधं तितकं बरं. वास नको, रंग नको, गारवा नको. मेडिकलात जाऊन बिनवासाचं साधं क्रीम मागायचं, लहान लेकराच्या अंगाले चालते तसं. आधी आपले हात साबणानं धुवायचे. मंग टॅटू कोमट पाण्यानं धुवायचा, टिपून कोरडा करायचा, अन् क्रीम अगदी पातळ लावायचं. नुसतं पुसल्यासारखं. थापलं की खालचं कातडं गुदमरते. हळद नको, चुना नको, अत्तर नको. खाजवायचं नाही, पापुद्रा ओढायचा नाही. बाकी काम कातडं आपलं आपणच करते."

छायानं टाळीच वाजवली. सगळं कळलं! आता गावात जाऊन सांगितलं की झालं! आणि टाळी वाजवता वाजवताच तिचे हात हवेत थांबले.

"मोईज, मोठी पंचाईत हाये रे. मंजूच्या देवीनं डोळे उघडले तर बाबा म्हणीन, पाहा माह्या मलमाचा प्रताप. नाही उघडले तर म्हणीन, पाहा पोरीचं पाप. काहीही झालं तरी बाबाच खरा! त्याले खोटं पाडायची जागाच नाही ठेवली लेकानं."

बाहेर मेहकरची गाडी लागली, निघूनही गेली. मग छायानं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात मोईजसमोर ठेवले.

"काढ."

"काय काढू?"

"बकरी."

"बकरी?"

"देवीवर काहाले प्रयोग करायचा? आमची चिंगी हाये ना दारात. हा पाहा फोटो." तिनं मोबाइल पुढे केला. "या हातावर एक, त्या हातावर एक. दोन्ही हातांवर हीच. बारीकशी काढ, पण डोळ्यात ठिपका पाहिजे. उजव्या हाताले तुह्यं बिनवासाचं क्रीम, डाव्या हाताले बाबाचं मलम."

"दीदी, जिंदगीभर राहते ते! मोर काढू का? गुलाब?"

"गुलाबाचं नाव घेऊ नको आता माह्यासमोर."

मोईजनं बाबाच्या डबीला हात लावायला साफ नकार दिला. "लावायचं ते तुम्ही लावा, अन् आग झाली की लगेच धुऊन टाका," एवढं कबूल करून घेतल्यावरच त्यानं मशीन सुरू केलं. मंजूला कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसू आलं. तोंडाला रुमाल लावून ती हसत होती आणि मध्येच सांगत होती, "मोईजभाऊ, शिंगं थोडी वाकडी हायेत तिची."

राजकुमारनं संध्याकाळी ते हात पाहिले आणि मटकन खाटेवर बसला.

"अवं, दोन दोन बकऱ्या? एक दारात बांधली हाये ते पुरत नव्हती?"

"दोन नाही, एकच हाये. दोन ठिकाणी हाये."

पुढचे दिवस घरात धमाल होती. डाव्या हातावर छायानं मलम लावलं की ती पार्लरभर फू-फू करत नाचायची. "पाप जळून राह्यलं वं माय, पाप!" गिऱ्हाइकं तोंडाला लेप लावलेल्या अवस्थेत हसायची आणि लेपाला तडे जायचे. दुसऱ्याच दिवशी डाव्या चिंगीभोवती लाल चट्टा उठला, तिसऱ्या दिवशी फोड. छायानं मोईजला दिलेला शब्द पाळला, मलम धुतलं आणि डबी बांधून ठेवली. उजवी चिंगी मात्र शांत होती. तिच्यावर पापुद्रा आला, डोळे धूसर झाले, मग पार मिटले. खाज सुटायची, तेव्हा छाया दात ओठ खाऊन दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीत गुद्दा घालायची. बहुतेक वेळा ती पाठ राजकुमारची असायची.

आणि एका सकाळी न्हाणीघरातून किंकाळी आली. राजकुमार साप निघाला म्हणून काठी घेऊन धावला.

"उघडले! अहो, चिंगीनं डोळे उघडले!"

राजकुमारनं ओल्या हातावर वाकून पाहिलं. पापुद्रा पाण्याबरोबर वाहून गेला होता आणि वाकड्या शिंगांची चिंगी टकमक बघत होती. मग त्यानं डावा हात पाहिला. मग बराच वेळ दोन्ही पाहिले, एखादी मोटार उघडल्यावर पाहायचा तसे.

"म्हणजे बिघाड मलमात हाये," तो हळूच म्हणाला.

"हाव जी," छाया म्हणाली.

नेत्रदर्शनाचा दिवस उजाडला. शेड गच्च भरलेलं. छायानं अंगाभोवती पदर असा लपेटला होता की दोन्ही हात झाकले जावेत. मंजूला वर बोलावलं. तिचा हात बराच निवळला होता, पण खपल्या अजून होत्या आणि देवीचे डोळे बंदच होते. गर्दीतून चुकचुकणं ऐकू आलं.

"पाहिलंत?" महाराज उसासले. "आता माझ्याही हाती काही नाही."

रुक्मिणीबाई उठल्या. "राजकुमार, वाईट नको वाटून घेऊ. पण आमचं काही जमणार नाही."

"थांबा मावशी!" छाया तीन ढांगांत मंचावर चढली. "महाराज, आधी माह्यं दर्शन घ्या. माह्या हातावरही डोळे उघडले!"

महाराजांचा चेहरा खुलला. उजेडाच्या झगमगाटात त्यांना नीट दिसलं नाही की पाहायची गरजच वाटली नाही, कोण जाणे. त्यांनी छायाचा उजवा हात धरला आणि झेंड्यासारखा उंच केला.

"धन्य! धन्य! पाहा या साध्वीची श्रद्धा! पाहा नेत्रसंजीवनाचा प्रताप! कसं तेज आहे देवीच्या डोळ्यांत!"

शंख वाजला. ताशा कडाडला. पुढच्या रांगेतल्या एका आजीनं डोळे बारीक करून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अवं, हिले तर शिंगं हायेत."

"बकरी हाये आजी," छाया खणखणीत आवाजात म्हणाली. "आमची चिंगी. अन् महाराज, या हाताले मी तुमचं मलम लावलंच नाही. साधं बिनवासाचं क्रीम लावलं."

शेडात जे हसू फुटलं त्याला तोड नाही. ताशेवाला हसता हसता ताशावरच पडला. महाराजांनी चटका बसल्यासारखा हात सोडला. पण माणूस मुरलेला.

"हसू नका, मूर्खांनो! चराचरात चैतन्य आहे! देवीनं आज बकरीच्या रूपानं नेत्र उघडले!"

लगेच आजीनं हात जोडून चिंगीला नमस्कार घातला. मागून कोणीतरी कुंकवाचा करंडा पुढे सरकवला.

"अहो थांबा! कुंकू नको, जखम नवी हाये!" छायानं हात मागे घेतला आणि पदराखालचा डावा हात बाहेर काढला. "महाराज, मंग ही पाहा. या हाताले तुमचं मलम लावलं. हिनं काऊन नाही उघडले?"

लाल चट्टा, सुकत आलेले फोड आणि त्यात हरवलेली बकरी. महाराजांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं.

"ही... ही पापी बकरी आहे."

"दोन्ही चिंगीच हाये! एकाच फोटोवरून काढल्या! एकच बकरी या हातावर पुण्यवान अन् त्या हातावर पापी? महाराज, ती दिवसभर कडुनिंबाचा पाला खाते, तिले पाप करायले टाइम कुठी हाये?"

लोक पोट धरून हसत होते. छायानं मोईजकडून ऐकलेलं सगळं तिथंच सांगितलं, पापुद्रा कसा येतो, बारीक ठिपका का दिसेनासा होतो, पापुद्रा गळल्यावर का दिसतो. पोरांनी शाळेत पडून गुडघे फोडलेले होते, बायांचे हात तव्याला भाजलेले होते. समजायला कोणालाच अडचण आली नाही.

रुक्मिणीबाई मात्र हसल्या नाहीत. "बकरीचं राहू दे," त्या म्हणाल्या. "माह्या प्रेमचं सांग. एकच दिवस, एकच देवी, एकच मलम. त्याच्या हातावर उघडले, हिच्या हातावर नाही. माह्या घरात आधीच लय अपशकून झाले छाया. एकुलता एक लेक हाये मले. मले भीती वाटते."

त्या खरंच घाबरल्या होत्या. प्रेम छायाच्या शेजारीच उभा होता. मलमाच्या त्या उग्र वासात पंधरा दिवस काढलेल्या तिच्या नाकाला आत्ता काहीतरी वेगळं जाणवलं. तिनं सगळ्यांदेखत प्रेमचा हात ओढला आणि हुंगला.

"वयनी!" प्रेम ओरडला.

"गुलाब नाही. कापूर नाही." तिनं पुन्हा हुंगलं. "शर्टालेही नाही. ते अत्तर कपड्यातून निघत नाही रे बाबू, आमच्या घरातल्या गोधड्यासुद्धा गुलाब गुलाब करून राह्यल्या. खरं सांग. तू मलम लावलं होतं?"

प्रेमनं आईकडे पाहिलं, मंजूकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नाही."

"काय?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"पहिल्या दिवशीच लय शिंका आल्या आई. नाकातून पाणी थांबेना. तू रागावशीन म्हणून सांगतलं नाही. नुसत्या पाण्यानं धुत होतो अन् मेडिकलातलं साधं क्रीम लावत होतो."

"मंग दोन डब्या संपल्या त्या?"

"गाडीच्या चेनले लावल्या." त्याचा आवाज एवढासा झाला. "चेन मस्त फिरून राह्यली."

असा हशा उठला की पुन्हा कबुतरं उडाली. पण रुक्मिणीबाई हळूहळू खाली बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. ज्यानं मलम लावलं नाही त्याच्या देवीनं डोळे उघडले. जिनं एक आरती चुकवली नाही तिचा हात नासला. याचा हिशोब त्यांचा त्यांनाच लागत होता, आणि तो लागताना चेहरा पाहवत नव्हता.

मागच्या बाजूला एका माणसानं शर्टाची फुल बाही वर केली. मग शेजारच्यानं. मग आणखी तिघांनी. लाल चट्टे, फोड, खपल्या. "आम्हालेही आग होत होती," एकजण म्हणाला. "लाजेनं सांगतलं नाही."

आता मात्र महाराजांची ती लुगड्याची आणि ब्रह्मांडाची भाषा कुठल्या कुठं पळाली.

"अबे, गाडी काढ बे लवकर!" ते शिष्यावर खेकसले.

शिष्यानं काढली असती, पण जीपसमोर राजकुमार उभा होता, काठी घेऊन, आणि त्याच्या मागे फुल बाह्यांच्या शर्टांतली माणसं. पोलीस पाटलांनी ठाण्यात फोन लावला. जादूटोणाविरोधी कायदा फक्त नरबळीसाठी असतो असं गावाला वाटत होतं. असे चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि घाबरवणं हाही गुन्हा आहे, हे त्या दिवशी कळलं.

गडबडीत रुक्मिणीबाई उठून मंजूजवळ गेल्या. तिचा हात त्यांनी आपल्या तळहातावर घेतला, खपल्यांना धक्का न लावता.

"दुखते का वं पोरी?"

एवढ्या दिवसांत हिचं पाप किती, श्रद्धा किती, हे सगळ्यांनी मोजलं होतं. सासरच्या कोणी हे विचारलं नव्हतं. मंजूचे डोळे भरून आले.

"हाव. लय दुखलं."

"चुकलं माह्यं," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि भर शेडात रडल्या. "लग्न ठरल्या तारखेलेच होईन. तुह्यी इच्छा असली तर."

सगळ्यांनी मंजूकडे पाहिलं. मंजूनं प्रेमकडे पाहिलं.

"त्या दिवशी मले इथी उभं करून पापी म्हटलं. तू बाजूलेच होता. तुले माहीत होतं तू मलम लावलं नाही. काऊन नाही बोलला?"

प्रेमची मान खाली. "बोलणार होतो. ताशा सुरू झाला. लोक ओरडून राह्यले होते, आई खूश होती. मले वाटलं मी एकटा बोललो तर..."

"तुह्या एका वाक्यावर होतं सगळं," मंजू म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. "मी पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. लग्न करीन मी. पण पुढं असं कोणाचंही होऊन राह्यलं अन् तू गप्प बसला, तर मी गप्प बसणार नाही. चालते?"

"चालते," प्रेम म्हणाला.

"मोठ्यानं सांग. ताशा बंद हाये."

"चालते!" प्रेम ओरडला, आणि छायानं पदरानं डोळे पुसले आणि त्याच पदरात मोठ्यांदा हसली.

गोष्ट झाली, आता दोन शब्द. गोंदवायचं असेल तर खुशाल गोंदवा, देवी काढा, बकरी काढा. जखम आहे ती, जखमेसारखी जपा. सुई नवी आहे का ते विचारा. बिनवासाचं, बिनरंगाचं साधं क्रीम पातळ लावा, आग झाली, फोड आले तर थेट डॉक्टरकडे जा. तुमचं कातडं रोज उठून जे काम करतं, त्याचं श्रेय कोणी शंख वाजवून लाटत असेल तर त्याला विचारा की मलम न लावता काय होतं ते पाहिलंस का. आणि एखाद्या चमत्काराच्या गर्दीत उभे असाल, सगळे ओरडत असतील आणि तुम्हाला खरं माहीत असेल, तर त्याच दिवशी बोला. तुम्ही गप्प बसलात, तर कुठल्या तरी घरात एखादी पोर भिंतीकडे तोंड करून बसते.